कुकीचा डबा कोण उघडतं?

११ जानेवारी, रविवार
पुण्याहून आरोहीचा फोन. ऑफिसजवळच्या कॅफेत पीनट बटर कुकी मिळते, वर पाकातल्या दाण्यांचं कुरकुरीत कवच. म्हणाली, आई, असलं काही आपल्या सोलापुरात नाही गं. शेंगा आमच्या आणि कौतुक पुण्याचं. चोवीसला तीन दिवस येतेय. मागच्या वेळी दुसऱ्याच दिवशी कंटाळून परत गेली होती. या वेळी लेकीनं म्हणायला हवं, आई, कॅफे विसरले. निश्चय झाला. अवघड काहीच नाही.

१२ जानेवारी
दाणे भाजून मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवले. झालं पीनट बटर. खालच्या मजल्यावरची पूनम वास घेत वर आली. वहिनी, काय चाललंय? काही नाही म्हटलं. तिची नजर मिक्सरवर. मागे माझ्या ढोकळ्याची कृती विचारून गेली आणि तिच्या हळदीकुंकवाला तोच ढोकळा. तिचा फुगला होता, पण तो भाग वेगळा.

१५ जानेवारी
गुळाचा पाक केला. थेंब ताटलीवर टण्ण वाजेपर्यंत आटवला. चिक्कीला तसाच लागतो, म्हणजे कवचालाही तसाच लागणार. दाणे घोळवून पिठाच्या गोळ्यांवर दाबले. घरी ओव्हन नाही. दिवाळीला जिथे नानकटाई भाजून आणतो, त्या कोपऱ्यावरच्या बेकरीत ट्रे नेले. बेकरीवाला कल्लप्पा म्हणाला, ठिवून जावा की अक्का, झालं की फोन करतो.
ठेवून जा म्हणे. अख्खी कृती ट्रेमध्ये आहे, मी मूर्ख नाही. भट्टीसमोर स्टूल टाकून बसले. त्यानं ट्रे काढला, बोटानं दाबलं तर मऊ. कच्चंच देत होता. पुन्हा आत घालायला लावलं. लगेच घातलं. संशयास्पद.

संध्याकाळी
कुकी दणदणीत. ह्यांनी एक दाढेखाली धरली आणि तसेच बसून राहिले. मग चहात बुडवली. चहा संपला, कुकी तशीच. म्हणाले, टिकाऊ आहे. कौतुक करायला जमतच नाही ह्यांना.
पूनमलाही एक दिली. कळू दे.

१७ जानेवारी
डबा हलका लागतोय. ह्यांना विचारलं. म्हणाले, त्या दिवसापासून दाढ ठणकतेय, मी कशाला हात लावू. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, विचारलं. म्हणाल्या, माज्या तोंडात दात किती ऱ्हायल्यात ते बघ, मग इचार. उरली पूनम. मी दुपारी झोपते तेव्हा आत्यांशी गप्पा मारायला येऊन बसते.
चोरी होतेय म्हणजे चव मात्र जमली.

२० जानेवारी
दुसरी बॅच. पुन्हा दोनदा भाजून घेतली. डब्याच्या झाकणावर स्वतःचा केस ठेवून झोपले. उठून बघते तर केस नाही, कुकी कमी. सहज म्हणून खाली गेले. पूनमच्या ओट्यावर दाण्याचं कूट. म्हणाली, उसळीला केलंय. उसळीला एवढं?

२२ जानेवारी
जिन्यात पूनमला सुनावलं की काही लोकांना दुसऱ्याच्या डब्यात हात घालायची सवय असते. ती म्हणाली, वहिनी, तुम्ही दिलेली ती एक अजून फ्रिजवर हाय की, आणून देऊ का?
म्हणजे नमुना जपून ठेवलाय.

२४ जानेवारी, शनिवार
आरोही आली. तिच्यासमोर डबा उघडला. रिकामा. तळाशी चुरा. मला रडूच आलं. ती म्हणाली, जाऊ दे ना आई, भूक लागलीय.
जेवताना तिनं कडक भाकरीबरोबर चटणी तिसऱ्यांदा वाढून घेतली. आज्जी, काय घातलंयस? आधी गोड लागतंय, मग तिखट चढतंय. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, तुज्या आईची बिस्किटं हायती ती. दातानं फुटंनात, टाकवंनात. उखळात कुटली, लसूण घातला, तिखट घातलं. वैजूला कसं सांगायचं? लेक यायची म्हणून रोज राबतीया. लई आस तिला.
मी पळी हातात घेऊन उभी. आरोहीला हसून ठसका लागला. मग डाव्या हातानं मला ओढून शेजारी बसवलं आणि एक घास माझ्या तोंडात घातला.
चटणी चांगली होती. मूळ माल माझा.

२६ जानेवारी
पूर्ण तीन दिवस राहिली. जाताना चटणीची बरणी घेऊन गेली. पूनमला अजून काही बोलले नाही. पुरावेच तसे होते, माझा काय दोष.

३० जानेवारी
पुण्यात बरणी संपली. मैत्रिणींना आणखी हवीय. सोपं आहे, कुकी तशाच कडक करायच्या. या वेळी बेकरीत राखण केली नाही. कुटायच्याच आहेत, कृती चोरून कल्लप्पा करणार काय? ट्रे ठेवून आले. संध्याकाळी हे घेऊन आले.
कवच कुरकुरीत आणि आत कुकी तोंडात विरघळते. ह्यांनी उभ्या उभ्या चार खाल्ल्या. आत्यांनी एक बोटानं दाबून बघितली, म्हणाल्या, ही कुटून काय हुयाचं, नुसतं पीठ.
कल्लप्पानं मुद्दाम केलंय.
आरोहीला फोन केला. म्हटलं, कॅफेच्या तोंडात मारेल अशी कुकी जमली. ती म्हणाली, अरे वा. मग चटणी कधी पाठवतेस?