तोंड कुठे गेलं?

४ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

‘शहाणं लेकरू, रडत नाही’ असं म्हणून म्हणून गप्प केलेली आपण दोघं भावंडं. आपल्याला कुठे दुखतं ते कुणी विचारलंच नाही, ही आपली जुनी तक्रार. म्हणून हे तुलाच लिहिते.

तुझ्या लेकीच्या पायाला प्लास्टर घालून आठवडा झाला. वॉर्डातल्या मुलांना मी रोज ‘आज मी कशी’ हे चित्र काढायला देते, माझी नोकरीच ती. अर्थ आपण लावायचा नाही, मुलांनाच विचारायचं. पिटुकलीच्या चित्रात वेण्या आहेत, खाटेची चाकंसुद्धा मोजून चार. तिला स्वतःला मात्र चार दिवस तोंडच नाही. नर्सबाईंना, मला, झाडूवाल्या मावशींना ऐसपैस तोंडं. सगळे म्हणतात, गुणाची पोर, हूं की चूं करत नाही. मला चैन पडत नाही. निघताना तू तिला काय सांगितलंस?

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी धाकटी

७ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

कामगारांची सभा आटोपून लिहितो. लहानपणी तुला दुधाच्या सायीतही चेहरे दिसायचे. तोंड काढायचं राहिलं असेल. बापाचं एक तोंड साऱ्या घराला पुरतं, असं तिची आईच म्हणते. लढणाऱ्याची मुलगी आहेस, ब्रसुद्धा काढायचा नाही, एवढं मी तिला बजावलं. तिनं माझ्या हातावर हात ठेवून शब्द दिला. ऊर भरून आला.

माया राहू दे, चष्मा मात्र बदल.

दादा

९ जून

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तडक तिच्या खाटेपाशी गेले. तोंड का नाही, असं विचारलं नाही. कुठे गेलं, असं विचारलं. तिनं चित्रातल्या प्लास्टरवर, घोट्यापाशी, दातांसकट उघडं तोंड काढलं. म्हणाली, बाबांना शब्द दिलाय म्हणून मी गप्प आहे, पण हे ऐकत नाही, सारखं ओरडतं.

ते चित्र दाखवल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर कापलं. आत घोटा घासून जखम झाली होती. आणखी उशीर झाला असता तर ती हाडापर्यंत गेली असती, असं त्या म्हणाल्या.

दादा, हजार माणसांना तू सांगतोस, सोसू नका, आवाज करा. मग पोटच्या पोरीलाच वेगळा न्याय कशाला?

शनिवारी अकराला नवं प्लास्टर घालायचंय. कुठे टोचतं ते तिनं सांगितलं नाही तर पुन्हा तेच होईल. मी समजावून थकले. ती नुसती मान हलवते, कारण शब्द तुला दिलाय, मला नाही. सभा पुढे ढकल. शनिवारी अकराच्या आत ये आणि दुखलं की ओरडायचं, हे तिला तू स्वतः सांग.

माया करणारी, आज रागावलेली,
धाकटी