जावयाच्या मानाचं घड्याळ

आप्पा,

तुम्ही जावयाच्या मनगटावर बांधलेलं घड्याळ खरं निघालं. कंपनीच्या माणसाने डोळ्याला भिंग लावून, मागचं झाकण उघडून, आतलं यंत्र बघून तसं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या मुलीने ही बातमी ऐकून पेढे वाटले असते. मी तिथल्या मऊ खुर्चीत बसून त्याला म्हटलं, "पुन्हा एकदा नीट बघा ना." त्याला वाटलं, बाईंना आनंद झालाय, विश्वास बसत नाहीये. तुम्ही जाऊन तेरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मला तुमचा एकदाही राग आला नव्हता. आता आलाय, म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्या लग्नाच्या वर्षीचा जून तुम्हाला आठवत असेल. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते आणि डी.फार्म.ला खाजगी कॉलेजात माझा नंबर लागला होता. कोन गावच्या आपल्या घरातलं स्वयंपाकघर, आई तांदळाची भाकरी थापतेय, तुम्ही न्हावा शेव्याच्या बंदरातून नुकतेच आलायत. दिवसभर क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लोकांचे कंटेनर सोडवायचे कागद नाचवून दमलेले, बाह्या दुमडून पाटावर बसलेले. ताटात बोंबलाचं कालवण आहे. मी फीचं सांगते आणि तुम्ही हातातला घास खाली ठेवता. "आपली तेवडी ऐपत नाय, बाय," तुम्ही म्हणता. "अंथरून पाहून पाय पसरावं मानसानं. हात दगडाखाली हायत माजे." आणि तुमचे डोळे भरून येतात. आई तव्याकडे बघत राहते. मीच मग तुमच्याजवळ बसले आणि म्हटलं, राहू द्या आप्पा, त्यात काय एवढं, जेवा तुम्ही. फी तुम्ही नाकारलीत आणि समजूत मी तुमची काढली. त्या रात्री मला स्वतःचं वाईट वाटलं नाही, तुमचं वाटलं. एवढ्या कष्टाच्या माणसाला आपण उगाच लाज आणली, असं वाटून मी अंथरुणात तोंड खुपसून रडले होते.

मार्गशीर्षात लग्न झालं. ठाण्याचा इंजिनिअर जावई मिळाला म्हणून तुम्ही नुसते हवेत होतात. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं, पण जावयाचा मान म्हणून काहीतरी द्यायलाच हवं असं तुम्हीच घरात दहादा म्हणत होतात. मांडवात तुम्ही खिशातून ती हिरवी डबी काढलीत, घड्याळ बाहेर काढलंत आणि जावयाचा हात स्वतःच्या हातात घेऊन त्याला बांधलंत. पट्ट्याचा खटका काही केल्या बसेना. मी शेजारी मुंडावळ्या सांभाळत उभी होते. त्या स्विस कंपनीचं नाव मुलाच्या मामाने मोठ्याने वाचलं आणि मांडवात हशा पिकला. पत्र्याचा कारखाना असलेले लोक ते, खरं घड्याळ त्यांनी परदेशात पाहिलेलं. न्हावा शेव्याच्या कारकुनाने असलं घड्याळ द्यावं म्हणजे ते बंदरावरचं नकलीच असणार, हे त्यांना शिकवायला नको होतं. नाकापेक्षा मोती जड, असं माझी एक चुलतसासू पदराआड म्हणाली, ते मला ऐकू आलं. तुम्हालाही आलं असणार.

पुढच्या दिवाळीत तुम्ही ठाण्याला माझ्या सासरी जेवायला आलात, तेव्हा तर तुमच्या पानावरच विषय निघाला. माझे सासरे श्रीखंड वाढता वाढता म्हणाले, "व्याही, असा माल अजून येतो का हो तुमच्या बंदरात? मलाही एक टाका बाजूला. वेळ बरोबर दाखवतं, हं, तक्रार नाही!" सगळे हसले. तुमचे कान लालबुंद झाले, मान खाली गेली आणि तुम्ही पुरी मोडत राहिलात. मी भात घेऊन बाहेर आले होते. मला तेव्हा त्या सगळ्यांच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटलं. ते जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी जे दिलं ते मनापासून दिलंय." सासऱ्यांनी हसून विषय बदलला. तुम्ही माझ्याकडे वर पाहिलंही नाहीत. मला वाटलं, लाजले बिचारे, मुलीने आपली बाजू घेतली म्हणून. वर्षानुवर्षं मी तो प्रसंग तसाच मनात जपून ठेवला होता.

त्या घड्याळावर माझं फार काही उभं होतं, आप्पा. ते खोटं असणं मला हवं होतं. खोटं घड्याळ म्हणजे पैसे नसलेला बाप. मी नवीन पनवेलला एका हॉस्पिटलच्या मेडिकल स्टोअरमध्ये बिलं फाडते. माझ्या मागच्या भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय, ते माझं नाही, माझ्या मुलीच्या वयाच्या एका पोरीचं आहे. तिला डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही की ती मला विचारते. मी सांगते आणि सही ती करते. याचं मला कधीच काही वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण वाटलं की मी स्वतःला सांगायचे, बापाकडे नव्हतेच, तर देणार कुठून? लोकलाजेसाठी जावयाला खोटं घड्याळ आणावं लागलं त्या माणसाला. एवढं म्हटलं की मन शांत व्हायचं.

मागच्या वर्षी घड्याळ बंद पडलं. तुमचा जावई वाईट माणूस नाही, पण वस्तू जपणाऱ्यातला नाही. हातावर नवीन घड्याळ आलं, त्यात पावलंसुद्धा मोजतात, आणि तुमचं गेलं कपाटात मोज्यांच्या खणात. मी ते दुरुस्तीला बाजारात घेऊन गेले. घड्याळवाल्याने ते उलटंपालटं करून पाहिलं, कानाला लावलं आणि परत माझ्याच हातात ठेवलं. "ताई, हे असली असेल तर मी खोलायची हिंमत करनार नाय. नकली असेल तर खोलून फायदा नाय. कंपनीत घेऊन जा." मी म्हटलं, नकलीच आहे हो. तो म्हणाला, "मग तसं कंपनीला बोलू दे ना." तेवढं ते 'असली असेल तर' माझ्या डोक्यात भुंग्यासारखं शिरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. गप्प घरी जायला हवं होतं. पण मला एकदाचं कंपनीच्या तोंडून खोटं म्हणवून घ्यायचं होतं, म्हणजे मनातला तुमच्यासाठीचा कोपरा कायमचा पक्का झाला असता. मी रजा टाकली आणि मुंबईला गेले.

ते अधिकृत सर्व्हिस सेंटर म्हणजे काय थाट होता म्हणून सांगू. काचेचं दार एका वॉचमनने उघडलं, ट्रेमधून पाणी आलं, आणि पांढरे हातमोजे घातलेल्या एका तरुण माणसाने तुमचं घड्याळ मखमलीच्या तबकात असं ठेवलं की मला हसूच आलं. आत जाण्याआधी त्याने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, पीस डुप्लिकेट असेल तर आम्ही सर्व्हिसला घेत नाही, तसंच परत देतो." मी म्हटलं, माहीत आहे, तुम्ही बघा तर खरं. काचेपलीकडे तो वाकून बसला होता ते मला दिसत होतं. मी परत निघायच्या तयारीने पर्स खांद्याला लावूनच बसले होते. तो बाहेर आला तो हसतच. "एकदम जेन्युइन आहे. मूव्हमेंट, डायल, सगळं ओरिजिनल. फक्त तेल सुकलंय. फुल सर्व्हिस करून घ्या." पुन्हा बघा म्हटलं, तर त्याने पुन्हा पाहिलं. मग मी दुसरा आधार शोधला. म्हटलं, माझे वडील बंदरात कामाला होते, कुणीतरी पार्टीने, नाहीतर बोटीवरच्या कुणी दिलं असेल ना त्यांना, असंच, भेट म्हणून? त्याने आत जाऊन नंबर टाकून पाहिला आणि म्हणाला, "नाही मॅडम, हे आपल्याच मुंबईच्या शोरूमचं आहे. इथेच विकलेलं." वर्ष सांगितलं. माझ्या लग्नाचंच. घेणाऱ्याचं नाव वाचलं, ते तुमचं.

म्हणजे जूनमध्ये ऐपत नव्हती आणि मार्गशीर्षात होती. मी तुमच्या बाजूने वकिली करून पाहिली, आप्पा. म्हटलं, मधल्या महिन्यांत कुठून आले असतील, कर्ज काढलं असेल. पण तुम्ही गेल्यावर कुणी कर्जवाला दारात आला नाही. पैसे होते. माझ्या शिक्षणासाठी ते नव्हते, मांडवात चार लोकांनी तोंडात बोटं घालावीत यासाठी होते. आयुष्यभर लोकांचा माल सोडवलात, एकदा आपलाही काही दिमाख दिसावा असं वाटलं असेल, तेही मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही. आणि गंमत बघा, कुणी तोंडात बोटं घातलीच नाहीत. सगळे हसले. आता कळलं, त्या दिवाळीत तुमचे कान का लाल झाले होते. घड्याळ खरं आहे, हे बिल, असं एका वाक्यात त्या माणसांची तोंडं बंद करता आली असती. पण बिल काढलं असतं तर भात घेऊन उभी असलेली मुलगी विचारणार होती, आप्पा, जूनमध्ये काय झालं होतं? म्हणून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लात. जूनमधलं ते डोळ्यांतलं पाणी खरं होतं का, हे सांगायला मात्र कुठलं सर्व्हिस सेंटर नाही.

सर्व्हिस करून घेतली मी, माझ्या पगारातून. का ते विचारू नका. घड्याळ आता मेडिकलच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि हातात घेऊन हलवलं की चालतं. तुमच्या जावयाला सांगितलं, खोटंच निघालं. तो म्हणाला, "मी म्हणतच होतो," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. तुम्हाला त्याच्यासमोर खोटं पाडताना मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

पण आईला खरं सांगायचं ठरवलं होतं. ती भावाकडे करंजाडेला असते. माझ्या लग्नानंतरही तिने तुमच्या पगाराला हातभार म्हणून बाजारात सुकट विकली, गुडघे गेले तरी. तिलाही तुम्ही ऐपतच सांगत आलात. तिला कळायलाच हवं, तुमच्या फोटोला ती रोज फूल का वाहते ते तिने एकदा विचार करून ठरवावं, असं म्हणून मी तावातावाने गेले. ती लसूण सोलत बसली होती. मी बसायच्या आतच म्हणाली, "काय बोलले गो कंपनीवाले? खरं हाय का खोटं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच पुढे बोलली. "खोटंच असनार. मला तवाच वाटलेला. त्यांच्याकडं कुठून येनार व्हता एवडा पैसा? दुकानदारानं फसवला आसंल बिचाऱ्यांना. साधा मानूस." आणि तिने पदराने डोळे टिपले, लसणाच्या हातानेच.

मी म्हटलं, हो आई, खोटं निघालं.

हे कुठे पाठवायचं नाही, लिहायला घेतलं तेव्हाच माहीत होतं. लिहून झाल्यावर फाडून टाकीन, आईच्या हाती लागायला नको. फक्त एक सांगून टाकते. जावयाला मिळालेल्या त्या घड्याळाचा मला कधी हेवा वाटला नाही, आजही वाटत नाही. त्या दुपारी तिच्यासमोर लसूण सोलताना मला आईचा हेवा वाटला. तिचा नवरा अजून गरीब आहे.