डाव्या हाताचं टेबल

ता. ९ नोव्हेंबर

चि. खिळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड शुक्रवारी मिळालं. ‘लोक म्हणतात तेवढा गेम चांगला आहे का, खरं सांग, इथे सगळे एकमेकांची पाठ थोपटत बसतात,’ असं तू त्यात विचारलं आहेस. त्याचं उत्तर आता माझ्याशिवाय कोणी देऊ शकत नाही, म्हणून लिहायला बसले. एरवी बसले नसते. घरी सर्व कुशल आहे, हे वाक्य मी गाळलं आहे.

आधी इकडचं. माझा गुडघा तसाच आहे. मागच्या खोलीतली ओल रंगाऱ्याने रंगाखाली लपवून दिली, मी त्याच्याकडून खरवडून भिंत पुन्हा करून घेतली. सुतारकामाचं दुकान काचवाल्याला द्यायचं उन्हाळ्यातच ठरलं होतं. तुझ्या बाबांनीच ठरवलं. डॉक्टर म्हणाले, भुशापासून लांब राहा. तुझे बाबा म्हणाले, “लांब कसा राहू? तो आत जाऊन बसलाय.” काचवाला तिथे ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणार आहे. माणूस वाईट नाही. मापं घेताना ओठ हलवतो, एवढंच.

आता गेम.

तुमच्या कंपनीचा गेम घालून तू पाठवलेलं यंत्र आलं तेव्हा तू सोबत लिहिलं होतंस की गेममधल्या शेवटच्या गावात बाबांचं दुकान केलंय, दार उघडलं की आतला माणूस वळून एक वाक्य बोलतो, ते काय हे सांगत नाही, बाबांनी स्वतः ऐकावं. तुझ्या बाबांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “चल, लाव.” जणू दुकान पुढच्या गल्लीतच होतं.

तोवर त्यांच्या बोटांत जोर उरला नव्हता. नाकात नळी, हातातल्या कपातला चहा डुचमळायचा. तेव्हा असं ठरलं की बटणं मी दाबायची आणि हुकूम त्यांनी सोडायचे. आयुष्यभर याच्या उलट चाललं होतं, म्हणून ते खुशीत होते. खालच्या मजल्यावरचा वायरमन यंत्र जोडून द्यायला आला, तर मला म्हणाला, “बाई, तुम्ही? शाळेत मुलांचे फोन जप्त करायचात ना?” मी त्याला वायर नीट गुंडाळायला सांगितली.

पहिले काही दिवस मी पडद्यावरच्या आमच्या माणसाला नुसती भिंतीवर आपटत होते. घोड्यावर बसवायला गेले की घोड्याला लाथ बसायची. तुझे बाबा हसायचे, मग खोकायचे, मग मी यंत्र बंद करायचे, मग ते म्हणायचे, “आता नाही हसत, लाव.”

उजेड चांगला जमला आहे. संध्याकाळी फटीतून आत येऊन जमिनीवर पडतो तो अगदी खरा वाटतो. नदीही चांगली. माणसं मात्र पोपट आहेत. विहिरीवरच्या बाईला कितीही वेळा भेटा, “वारा फिरलाय, जपून जा,” एवढंच येतं. तुझे बाबा म्हणाले, “तुमच्या शाळेतली दिसते.” लढाया मला कंटाळवाण्या वाटल्या, त्यांना आवडल्या. आणि दारं. दारांवर त्यांनी तुला एकदाही सोडलं नाही.

“बिजागरी उजवीकडे आणि दार उघडतंय डावीकडे. हे बसवलं कोणी?”

“तुमच्या चिरंजीवांनी.”

“वाटलंच.”

पण प्रत्येक दारापाशी मला थांबायला लावायचे. कडी कशी आहे, फळीच्या रेघा कशा आहेत, बघायचे. तू घर सोडून जाताना म्हणाला होतास की तुमची दारं चार घरं उघडतात, माझी चार कोटी लोक उघडतील. तेव्हा ते म्हणाले होते, “उघडू देत. लाकडाची नाहीत ना.” आता एका देवडीच्या दारासमोर मला बराच वेळ उभं करून म्हणाले, “हे त्यानेच केलेलं. खालची कड बघ, घासून घेतलीय.” मला काही दिसलं नाही. मी हो म्हटलं.

आपल्या घरातली सवय तुला ठाऊक आहे. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून दुकानात आलेल्याने आधी दार लावायचं. नाही लावलं तर आतून एकच शब्द यायचा, “दार.” गिऱ्हाईक असो, पोस्टमन असो, मी असो. ते गेममध्येही तसंच चाललं. मी आत शिरले की ते म्हणायचे, “दार,” आणि मी मागे वळून लावायचे. चोरांच्या गुहेचं लावलं. पडक्या गढीचं लावलं. छप्पर नव्हतं, तरी लावलं.

आमच्या सोबतीला तो निळ्या टोपीचा नावाडी होता. त्याला आम्ही निळी टोपीच म्हणायचो. बडबड्या, उधारीवर जगणारा, चालताना दहा पावलं मागे राहणारा. तुझ्या बाबांना तो फार आवडला होता. “आपल्याकडे कामाला असता तर याला पहिल्या दिवशी हाकलला असता आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावला असता.” मागे राहिला तरी तो दार स्वतः उघडून यायचा, म्हणून आमच्या सवयीने काही बिघडत नव्हतं.

जळत्या गिरणीत बिघडलं. आम्ही धावत बाहेर आलो, तुझे बाबा म्हणाले, “दार,” आणि मी लावलं. त्या एका गिरणीत आगीने वाकडं झालेलं दार पुन्हा उघडत नाही, हे तुम्ही लोकांनी फार खरं केलं आहे. निळी टोपी आतच राहिला होता, तो ठोकत राहिला. मी सगळी बटणं दाबून पाहिली. मग ठोकणं थांबलं.

“मागे जा,” तुझे बाबा म्हणाले.

मागे जाता येत नाही. ‘प्रत्येक निर्णय कायमचा’, अशी तुमच्या कंपनीची जाहिरात खोक्यावरच होती. तिथे मात्र तुम्ही शब्द पाळला आहे.

आम्ही पुढे गेलो. शेवटच्या गावात, चर्मकाराच्या घरानंतर, ते दुकान होतं. पाटीवर रंधा कोरलेला. दाराला कुलूप. मी बाजूच्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, “किल्ली नावाड्याकडे असते. निळी टोपी घालतो. तो आला नाही का सोबत?”

खिडकीतून आत दिसत होतं. तुझ्या बाबांनी मला जवळ जायला सांगितलं, अजून जवळ, उजवीकडे, थांब. दिवा होता, भिंतीला पटाशा लावलेल्या होत्या, एक म्हातारा पाठमोरा रंधा मारत होता आणि खाली कीस पडत होता. तुझे बाबा खुर्चीतून पुढे झुकले, नळी ताणली गेली.

“टेबल डाव्या हाताचं आहे,” ते म्हणाले.

लाकूड पकडायचा शिकंजा उजव्या बाजूला बसवलेला होता, डावखुऱ्याला लागतो तसा. त्यांच्या टेबलासारखा. दुकानात येणारा प्रत्येक नवा कारागीर त्यावरून कुरकुरायचा, तुला आठवतच असेल. आठवलं म्हणूनच तसं केलंस. ते बघत राहिले आणि मग म्हणाले, “हा वळत का नाही?” मी म्हटलं, दार उघडल्याशिवाय वळायचा नाही.

“काय बोलणार असेल?”

“मला काय माहीत?”

“मास्तरीणबाई, तुम्ही शिकलेल्या आहात. अंदाज सांगा.”

मी सांगितला नाही. चुकीचा अंदाज सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेम पहिल्यापासून सुरू केला.

बाबांचं आजारपण कळवायला तुझ्या ऑफिसात मी दोनदा निरोप ठेवला. फोनवरची मुलगी गोड बोलली, दोन्ही वेळा. ‘निरोप मिळाला, नवा भाग बाहेर पडला की येतो,’ असं तुझं कार्ड म्हणतं. म्हणजे मुलीने काम चोख केलं.

त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा आम्ही दुसऱ्यांदा नदीपर्यंत आलो होतो. मी सकाळी तिथे बसायचे. दुपार झाली की तेच म्हणायचे, “घरी जा. गिरणीपर्यंत तरी पोच. मी आलो की एकदम दुकानात जाऊ.” परिचारिकेला वाटायचं, आमचं कुठे पीठ दळायला टाकलंय. मी घरी जाऊन एकटी खेळायचे. लढाया चुकवायला शिकले होते. विहिरीवरच्या बाईशी बोलायचं सोडून दिलं होतं.

मंगळवारी दुपारी गिरणी आली. या वेळी मी दार लावलं नाही. पण वाऱ्याने ते आपोआप मिटतं, बटण दाबून धरावं लागतं, हे तू जाणतोसच, कदाचित तूच केलं असशील. मी धरून उभी राहिले. निळी टोपी नेहमीसारखा मागे राहिला होता. टेबलावर फोन वाजायला लागला. बटण सोडलं असतं तर दार लागलं असतं. मी तो वाजू दिला. थांबला, परत वाजला, तोही वाजू दिला. मग निळी टोपी धुरातून बाहेर आला, टोपी झटकली आणि म्हणाला, “एवढी घाई कसली होती?”

त्यानंतर मी फोन उचलला, दवाखान्याचा होता. तुझे बाबा तेव्हाच गेले होते.

हे फोनवरून कळवता आलं असतं. त्या गोड मुलीच्या हाती द्यायचा हा निरोप नव्हता. तुझा नंबर तू बदललास तो आम्हाला दिला नाहीस. कारागिरांनी आणि वायरमनने खांदा दिला. आपल्या दुकानातला म्हातारा मिस्त्री मला दोनदा म्हणाला, “वहिनी, खिळा आला नाही का?” तिसऱ्यांदा विचारलं नाही.

निळी टोपी अजून गिरणीबाहेर उभा आहे. किल्ली त्याच्या खिशात आहे. दुकान तिथून लांब नाही, वाट मला पाठ आहे. मी गेले नाही. ते वाक्य मला कळवू नकोस. ज्यांनी ऐकायचं ते नाहीत, आणि ते मी ऐकून ठेवलं तर मला ते कोणाला सांगता येणार नाही.

तुझा प्रश्न राहिला. खिडकीतून दिसतं तेवढं फार चांगलं आहे. इतकं चांगलं काम तुझ्या हातून होईल असं मला वाटलं नव्हतं, हेही लिहून ठेवते. पण तू विचारलंस, लोक म्हणतात तेवढा चांगला आहे का. त्याच्यापायी तू आला नाहीस, आणि त्या दुपारी मी त्यांच्याजवळ नव्हते, एवढी किंमत द्यावी तेवढा चांगला नाही. तेवढा चांगला कुठलाच करता आला नसता. त्यात तुझ्या कारागिरीचा दोष नाही.

येण्याची आता घाई करू नकोस. जेवत जा.

आई

ता. क. नोंद तुझ्याकडेही असावी म्हणून लिहिते. दवाखान्याने माझ्या ताब्यात दिलं: चष्मा, घड्याळ, सदऱ्याच्या खिशातली सुतारी पेन्सिल. वायरमनच्या मुलीला दिलं: तुझं यंत्र, तारांसकट. आमचा खेळ पुसून टाकायला मी तिला सांगितलं आहे. म्हाताऱ्या मिस्त्रीला दिलं: रंधे आणि पटाशा. काल सकाळी काचवाल्याला दिलं: दुकान, पाटीसह. टेबल जागेवरच आहे. शिकंजा उलट्या बाजूला आहे, काढून टाकावा लागेल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, काढा. निघताना दार लावलं आणि किल्ली त्याच्या हातात दिली.