उंचीवरचा दम

१४ ऑक्टोबर, किन्हवली

नमुना मिळाला! डोळखांबच्या वर एका पाड्यावर भागीकाकू डुकरं पाळतात. घरी पाहुणे आले म्हणून आज त्यांनी एक कापलं. फुफ्फुसाचा तुकडा लगेच द्रव नायट्रोजनच्या डब्यात टाकला. वाफ निघाली तशा बायका मागे सरल्या.

"खायाचं सोडून गारठवतेस काय गो?"

सांगितलं — सिक्कीमच्या डोंगरातली डुकरं आणि ही, दोन्हींची फुफ्फुसं ताडून बघायची आहेत. वर हवा विरळ. खालचं डुक्कर तिकडे नेलं की त्याच्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, भिंती जाड होतात. तिथल्या डुकरांना तेवढा त्रास होत नाही.

"त्यांचं रगत येगळं?"

म्हटलं, जीन बरेचसे तेच. कुठला कधी चालू, कधी बंद — फरक तिथे आहे.

काकू हसल्या. "आमच्या घरात पन असंच. सून डोंगर चढते, पोरगा बसून ऱ्हातो!"

१५ ऑक्टोबर

आईचं एकच. "लॅबमध्ये आहे, एवढंच सांग ना लोकांना. डुकरं कशाला काढतेस?" आजोबांनी धम्म घेतला तेव्हा जे मागे सोडलं, ते मी इतकं शिकून परत घरात आणलं, असं तिला वाटतं. वाद घातला नाही.

१९ ऑक्टोबर

अनिकेत लडाखला, थेट वरच्या कॅम्पवर पोहोचला. रस्त्याच्या कंपनीत सर्व्हेअर झालाय माझा धाकटा भाऊ! फोटो आला — बर्फ, गॉगल, दात. आधी लेहला थांब म्हणून बजावलं होतं. थांबला नाही. "साहेब पण थेटच आले," म्हणे.

२१ ऑक्टोबर

भात कापायला माणसं आली. बाकी काही नाही.

२२ ऑक्टोबर

सकाळी अनिकेतचा फोन. खोकला. आई त्याला सुंठ सांगत होती. मी फोन घेतला. त्याचं एक वाक्य पुरं होईना.

"बसल्या जागी दम लागतो?"

"लागतो... थोडा."

"आडवं पडता येतं?"

"नाय. बसून झोपलो."

"थुंकी बघ. रंग सांग."

खोकला, थुंकला. मग — "गुलाबी आहे गं, ताई."

पाण्याने भरलेलं फुफ्फुस. वर नेलेल्या खालच्या डुकरांचं मी कितीदा काचपट्टीवर पाहिलंय. आवाज हलला नाही माझा. म्हटलं, "ऑक्सिजन लाव. आत्ताच्या आत्ता खाली उतर. साहेबांना फोन दे."

साहेब म्हणाले, गाडी उद्या जाईल.

म्हटलं, "उद्या प्रेत न्याल."

आई माझ्याकडे बघतच राहिली. साहेबांकडे नाही — माझ्याकडे. भावाबद्दल असं बोलता येतं मला, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दुपारी ऑक्सिजन लावून लेहच्या हॉस्पिटलात आणला.

२३ ऑक्टोबर

धोका टळला. आई रडली. मी डब्यातला नायट्रोजन किती उरलाय ते पाहिलं.

२ नोव्हेंबर

अनिकेत घरी. वाळलाय. जेवतो मात्र चांगला.

शेजारची येसूमावशी बघायला आली तर आई ओट्यावरून मोठ्याने — "आमची दीप्ती डुकरांच्या फुफ्फुसांवर काम करते!" मी आत होते. बाहेर गेले नाही.

५ नोव्हेंबर

अनिकेतला कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं. उंचीवर असं होणं काहींच्या अंगातच असतं, म्हणाले. त्याच्या हृदयाची इको केली. मग मला म्हणाले, "सख्खी बहीण ना? तुमचीही करून टाकू."

मला हसू आलं. दोन हिवाळे सिक्कीमच्या डोंगरात काढलेत मी. साधा खोकला नाही! टेबलावर पडल्या पडल्या अनिकेतला सांगितलं — एका आईबापाची पोरं, तरी तुझं चालू, माझं बंद. तोही हसला.

७ नोव्हेंबर

रिपोर्ट आले. अनिकेतचा साफ.

माझ्या फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला. डॉक्टर म्हणाले, आता उंचीवर जायचं नाही. कधीच.

मी विचारलं, भिंती किती जाड झाल्यात?

"ते बाहेरून नाही दिसत," म्हणाले.