नोवाकांच्या तीन फाइली

१४ जानेवारी १९८६

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी ती बदलू शकणार नाही.

एक. नर्सिंगच्या डॉक्टरेटसाठी दोन सत्रांचे प्रॅक्टिकम, म्हणजे क्लिनिकमध्ये रुग्ण तपासण्याचे प्रत्यक्ष काम, सक्तीचे. माझे, आम्ही राहतो त्या नोव्हाय गावापासून वीस मिनिटांवरच्या एका फॅमिली क्लिनिकमध्ये चालू आहे. दोन. तिथले डॉ. हॅलोरन (यापुढे हॅ.) माझे परीक्षक. माझ्या प्रत्येक तासावर त्यांची सही लागते. तीन. डिसेंबरात त्यांनी पहिल्या सत्राचा शेरा दिला: ज्ञान उत्कृष्ट, वेग असमाधानकारक. एका रुग्णाला वीस मिनिटे ठरलेली. मी पन्नास घेते. चार. दुसऱ्या सत्रातही तोच शेरा आला, किंवा तास कमी भरले, तर प्रॅक्टिकम पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे एक वर्ष गेले. पाच. मी आजवर कशातही नापास झालेले नाही.

हॅ. आज म्हणाले, "मिसेस कर्णिक, तुम्ही लिहिता सुंदर. पण माझ्या वेटिंग रूममध्ये लोक म्हातारे होतायत."

मी हसले नाही.

१९ जानेवारी

मंदाकाकूंकडे हळदीकुंकू. त्यांचे यजमान सर्जन. घर त्या मानाने बेताचे. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता सगळ्यांदेखत विचारले, "एवढी डॉक्टरेट करतेयस, पण म्हणजे शेवटी नर्सच ना गं?"

"हो काकू. नर्सच."

यापेक्षा बरे उत्तर परत येताना गाडीत सुचले. तेव्हा उपयोग नव्हता.

२१ जानेवारी

टीना नोवाक, वय चार. फिकट, किरकिरी, पोटदुखी, बद्धकोष्ठ. हिमोग्लोबिन कमी. दोन महिने लोहाचे सिरप चालू, सुधारणा शून्य. आई डॉना: केस विस्कटलेले, उत्तरे तुटक, सारखे लक्ष घड्याळाकडे. निष्कर्ष उघड होता. लिहिले: आई औषध नियमित देत नाही, समज दिली. एकूण अठरा मिनिटे.

हॅ.नी फाइल चाळली. "आता कसं जमायला लागलं."

घरी आले तेव्हा मी गुणगुणत होते असे माझ्या नवऱ्याचे, श्रीधरचे म्हणणे. मला आठवत नाही.

३० जानेवारी

वॉल्ट नोवाक, वय बत्तीस. पायाचा अंगठा लालभडक, सुजलेला: गाऊट. रक्तदाब जास्त. दारू घेत नाही. गाऊट हा उतारवयाचा संधिवात, बत्तिसाव्या वर्षी कशामुळे? फॉर्मवर सही करताना पेन दोनदा निसटले. "दुकानात गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतो," म्हणाला, "दिवसभर सोल्डरिंग. संध्याकाळी मनगट माझं राहत नाही."

सोल्डर म्हणजे शिसे, आणि शिसे अंगात भिनले की गाऊट, रक्तदाब, डोकेदुखी, लहान मुलांत पोटदुखी आणि कमी हिमोग्लोबिन.

नोवाक हे नाव नुकतेच टीनाच्या फाइलीत लिहिले होते. इथे मुलांच्या फाइली हिरव्या कपाटात, मोठ्यांच्या नंबराप्रमाणे मागच्या खोलीत. नवरा, बायको, मूल: तीन नंबर, तीन जागा. तिन्ही काढल्या आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी उघडल्या. डॉनाच्या फाइलीत डोकेदुखी, झोप नाही, त्यापुढे हॅ.च्या अक्षरात "नर्व्हज".

रिसेप्शनवरची ग्लोरिया सँडविच घेऊन उभी. "हनी, ते टेबल जेवायला आहे."

"आज नाही."

तीन माणसे, तीन निदाने, आणि एकाही फाइलीत दुसऱ्या दोघांचा उल्लेख नाही. ज्या क्लिनिकच्या पाटीवर "फॅमिली" लिहिले आहे तिथे कुटुंब कुठल्याच कपाटात नाही. शेजारी ठेवल्यावर मला पूर्ण एक मिनिटही लागले नाही. वेगाचा शेरा नक्की कोणाला द्यायचा?

४ फेब्रुवारी

हॅ.ना कॉरिडॉरमध्ये गाठले. क्रमाने मांडले.

"वॉल्टला मी त्याच्या लग्नाआधीपासून ओळखतो," ते म्हणाले. "आणि इथे अर्ध्या गावाला डोकेदुखी आहे. बाहेर बघा, मार्चपर्यंत ऊन नाही."

"अर्धे गाव रेडिएटर दुरुस्त करत नाही."

त्यांनी चष्मा पुसला. शेवटी टीना आणि वॉल्ट दोघांच्या रक्ततपासणीच्या कागदांवर सही केली, आणि खाली स्वतःहून एक ओळ लिहिली: विद्यार्थिनीच्या आग्रहावरून. मला वाटते, हसे झाले तर ते माझे व्हावे म्हणून.

व्हावे.

८ फेब्रुवारी, शनिवार

नोवाकांच्या घरी गेले. शिसे घरात कोणत्या वाटेने येते ते पाहिल्याशिवाय माझे टिपण अपुरे. हॅ.ना गुरुवारी विचारले होते. "जा, पण माझा शनिवार मागू नका."

चार तास. वॉल्ट दुकानातले कपडे अंगावर घेऊनच घरी येतो. डॉना ते तळघरात झटकते आणि सगळ्यांच्या कपड्यांबरोबर धुते. थंडीत टीना तिथेच खेळते, ड्रायर गरम असतो म्हणून. मशीनच्या मागच्या लादीवर करडी पूड. बोटाने उचलून दाखवली तेव्हा डॉना म्हणाली, "मी दर आठवड्याला झाडते." झाडल्याने ती आणखी उडते हे मला सांगावे लागले.

मग स्वयंपाकघरात कॉफी. फ्रिजवर गेल्या वर्षीचे आणि यंदाचे कॅलेंडर. नोव्हेंबरपासून प्रत्येक दिवसाच्या चौकटीत दोन खुणा, शेजारी वेळ. सकाळी सात, संध्याकाळी सहा. आजपर्यंत एकही चौकट रिकामी नाही.

"हे काय?"

"टीनाचं सिरप. मला विसरायची भीती वाटते. गुण नाही तो नाहीच, म्हणून वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

त्या दिवशी घड्याळाकडे लक्ष होते कारण शाळेच्या कँटीनमध्ये एकची शिफ्ट. आधी दोनदा उशीर झाला होता.

कॉफी पूर्ण प्यायले. माझ्या त्या नोंदीबद्दल तिला काही सांगितले नाही. सांगायला हवे होते.

११ फेब्रुवारी

टीनाची फाइल मागवली. माझ्या ओळीवर एक सरळ रेघ, मूळ अक्षरे वाचता येतील अशी. बाजूला: "चुकीचे. आई औषध नियमित देते. नोंद स्वतः पाहिली." तारीख, सही.

हॅ. खांद्यावरून पाहत होते. "हे कोणी विचारलं नव्हतं."

"माहीत आहे."

ते अठरा मिनिटांचे कौतुक मी घरापर्यंत गुणगुणत नेले होते. दोन प्रश्न जास्त विचारले असते तर बावीस मिनिटे झाली असती.

दुपारी डॉनाला फोन करून स्वतः सांगितले. तिने विचारले, "लिहिलं होतंत खरंच?"

"हो."

"आता खोडलंत?"

"हो. पण वाचता येतं."

"बरं," म्हणाली. पुढे तपासणीचे कधी कळेल ते विचारले.

१८ फेब्रुवारी

रिपोर्ट आले. टीनाच्या रक्तात शिसे, उपचार लागावेत इतके. वॉल्टच्या रक्तात त्याहून जास्त. लोहाच्या सिरपचा काही दोष नव्हता, आईचा तर नव्हताच.

हॅ.नी दार लावून रिपोर्ट दोनदा वाचला. मग नोवाकांना बोलावले आणि माझ्यासमोर म्हणाले, "हे मिसेस कर्णिकांनी शोधलं. तुमच्या तिघांच्या फाइली दोन वर्षं माझ्या हाताखालून गेल्या, मला दिसलं नाही."

मी टीनाचे जाकीट बंद करत होते, तेच करत राहिले.

टीना उद्या हॉस्पिटलमध्ये दाखल. डॉनाची तपासणीही आजच पाठवली.

२७ फेब्रुवारी

वॉल्टने दुकानात सगळ्यांना सांगितले. तिथले पाच जण आज बायकामुलांसह आले. वेटिंग रूम ओसंडून वाहत होती आणि हॅ.नी वेळेबद्दल एक शब्द काढला नाही. उलट दारात उभे राहून ग्लोरियाला म्हणाले, "शिशाच्या केसेस हिच्याकडे. माझ्याकडे फक्त खोकले पाठवा." काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, आरोग्य खाते दुकान तपासणार आहे. मालक म्हणे कपडे बदलायला खोली बांधतो.

पाचांपैकी दोघांची लक्षणे ठीक दिसत नाहीत. आता वेळेवर आले आहेत.

८ मार्च

ग्लोरियाने दोन शनिवार घालवून सगळ्या फाइली कुटुंबाप्रमाणे लावल्या. हॅ.चा आदेश. शेवटचा खण आपटून बंद करत म्हणाली, "तुझ्यामुळे माझी सगळी नखं गेली, डॉक्टर."

डॉक्टर. अजून झाले नाही, हे तिला सांगितले नाही.

१६ मार्च

मंदाकाकूंचा फोन. इकडच्या तिकडच्या चौकशा, मग आवाज उतरवून: "अगं, ह्यांना सवड नसते. माझं चक्कर येण्याचं तू जरा नीट ऐकून घेशील का?"

एक तास दहा मिनिटे ऐकले. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या एकत्र घेत होत्या. यजमानांना सांगून उद्याच दाखवायला लावले.

३ एप्रिल

टीना तपासणीसाठी आली. शिसे उतरले आहे, गालांवर रंग. टेबलावर बसायला नकार, माझा स्टेथोस्कोप हवा. दिला. डॉना केस विंचरून आली होती. मला ते दिसते हे तिला कळले आणि ती हसली.

हॅ.चा अंतिम शेरा हाती आला. ज्ञान उत्कृष्ट. निर्णयक्षमता उत्कृष्ट. वेग: "लागेल तितका वेळ घेते. घेऊ द्यावा." मी तो कागद तीनदा वाचला, श्रीधरला एकदा वाचून दाखवला. तो म्हणाला, "फ्रेम करू या का?" अर्थातच नाही. झेरॉक्स दोन काढल्या.

१० एप्रिल

विद्यापीठातून प्रॅक्टिकमच्या समन्वयक डॉ. पेटिट यांचा फोन. शेरा वाचला, अभिनंदन. मात्र ८ फेब्रुवारीच्या घरभेटीला परीक्षक हजर नव्हते, त्यामुळे ते चार तास धरता येणार नाहीत. ते वगळले तर तास कमी भरतात. म्हणजे प्रॅक्टिकम अपूर्ण, सप्टेंबरात पुन्हा.

"परीक्षक हजर हवेत हे कुठल्या नियमात आहे?"

"इट्स अंडरस्टूड," म्हणाल्या.

मला समजले नाही, असे सांगितले.

हॅ.ना कळवले. ते संतापले, मग म्हणाले, "मी होतो असं लिहून देतो. चार तास. संपला विषय."

नाही म्हटले. ते तिथे नव्हते.

जेवताना मृणाल म्हणाली, "आई, जस्ट लेट हिम साइन इट. हू केअर्स?" अकरा वर्षांची आहे. श्रीधरने माझ्याकडे पाहिले आणि तिला भात वाढला.

१२ एप्रिल

पत्र टाइप केले. मूळ इंग्रजी रजिस्टर्ड पोस्टाने गेले. मराठी मसुदा इथे उतरवते.

"८ फेब्रुवारी रोजी मी नोवाक कुटुंबाच्या घरी चार तास प्रॅक्टिकमचे काम केले. परीक्षकांची तोंडी परवानगी होती. ते स्वतः उपस्थित नव्हते, आणि होते असे मी कधीही म्हणणार नाही. त्या चार तासांत शिसे घरात कसे येते ते सापडले, आणि माझ्या हातून झालेली एक चुकीची नोंदही सापडली. दोन्ही क्लिनिकच्या फाइलीत आहेत, कोणालाही पाहता येतील.

हे तास ग्राह्य की अग्राह्य, हे कळवावे. अग्राह्य असल्यास तो नियम कोणता, कोणी केला आणि विद्यार्थ्यांना कधी दिला, हेही कळवावे. ज्या कौटुंबिक उपचारांची पदवी आपण देता, त्यात कुटुंबाच्या घरी जाणे मोडते की नाही, याचेही उत्तर त्यासोबत द्यावे.

फोनवरचे उत्तर मी उत्तर धरणार नाही. तीस एप्रिलपर्यंत, आपल्या सहीनिशी, लेखी कळवावे."