एकही बाई नको म्हणाली नाही

मंगळवार, संध्याकाळ. मुरबाड.

एकही बाई नको म्हणाली नाही. हेच डोक्यातून जात नाहीये. सोमवारी माझ्या वर्गातल्या करुणाचा प्रकल्प कॉलेजच्या नैतिकता समितीपुढे जायचा आहे; मुलाखतीला बायकांची संमती खरी आहे ना, हे ती समिती बघते. विषय घरी झालेली बाळंतपणं, आणि किन्हवलीकडच्या त्या पाड्यावरच्या सगळ्या बायका मुलाखतीला तयार! परक्या पोरीला असलं कोण सांगतं? मला तर वाटलं, हिने घरी बसूनच संमतीचे फॉर्म भरून टाकले.

आज विचारलंच, "एकटी गेली होतीस?"

"नाय मॅडम, मावशी होती ना संगती."

मावशी तिथली अंगणवाडी सेविका. पोरांचा पोषण आहार तिच्याच हातून मिळतो. तिच्यासमोर नको म्हणायची कुणाची छाती आहे? एकही बाई नको म्हणाली नाही... म्हणणार कशी?

चिडलेच मी. "अगं, त्या भिडेपोटी हो म्हणाल्या. कळत नाही तुला?"

ती खाली बघत म्हणाली, "कळतं ना मॅडम. तुमी हा विषय दिला तवा मी पण तशीच हो म्हटली."

माझ्या वर्गात आजवर कुणीच विषयाला नको म्हटलेलं नाही. मला वाटायचं, पोरांना माझे विषय आवडतात.