ताईच्या दारातली वाळू

४ नोव्हेंबर

ढग! वादळ जाऊन आठवडा होत आला तरी सॅटेलाइटच्या फोटोत निव्वळ ढग. एवढं महागडं यंत्र आभाळात सोडायचं आणि त्यानं आपल्याला कापूस दाखवायचा. साहेब दर तासाला येऊन विचारतात, "किती किनारा गेला?" जणू मी तो पर्समध्ये लपवलाय.

घरी ताई आणि भावोजी. त्यांचं घर अगदी वाळूच्या काठावर, म्हणून वादळाच्या आदल्या दिवशीच माझ्याकडे आलेत. ताईनं स्वयंपाकघरातले सगळे डबे हलवले. साखर शोधायलाही आता सॅटेलाइट लागेल.

तिचा एकच प्रश्न — "घरी कधी जायचं?" ते ठरणार आमच्या आकड्यावर. वाळू वीस मीटरच्या वर गेली असेल तर काठावरची घरं कायमची रिकामी करायची, असा वरून हुकूम आहे.

६ नोव्हेंबर

ढग फाटले! फोटो काचेसारखा लख्ख. आमची नेहमीची रीत — अख्खा फोटो फार जड, म्हणून समुद्रालगतचा पट्टा तेवढा कापून घ्यायचा, बाकीचा साठवणीत टाकायचा. मग पाण्याच्या कडेवर रेघ मारायची. वादळाआधीची हिरवी, नंतरची लाल. मधलं अंतर म्हणजे गेलेली वाळू.

ताईच्या घरासमोर एकेचाळीस मीटर.

तोंडाला कुलूप लावून घरी आले. ताईनं चेहरा वाचला. "गेलं ना घर?"

"अजून मोजतोय गं."

भावोजी म्हणाले, "मोजा, मोजा. समुद्र लाजून मागे सरेल!" कुणी हसलं नाही. भावोजीसुद्धा नाहीत, आणि ते स्वतःच्या विनोदाला कधी उपाशी ठेवत नाहीत.

७ नोव्हेंबर

गाढव! मी! आणि माझ्याबरोबर अख्खं ऑफिस, तेवढाच दिलासा.

आधीचा फोटो ओहोटीचा, नंतरचा ऐन भरतीचा! पाणी वर दिसणारच! उपाशीपोटी कंबर मोजायची, मग भरपेट जेवल्यावर मोजायची आणि म्हणायचं, "अगंबाई, एका दिवसात केवढी सुटलीस!"

भरती-ओहोटीची कोष्टकं ऑफिसातला आमचा चष्मिश पोरगा सांभाळतो. त्याला गदागदा हलवलं. "मॅडम, घाई तुम्हालाच होती..."

"खुलासे नकोत. बस, हिशोब कर!"

वाळूचा उतार धरून भरती वजा केली. चौदा! चौदा मीटर!! त्यानं दोनदा पडताळलं, मी तीनदा. खुर्चीसकट गोल फिरले — या वयात. कंबरेनं लगेच निषेध नोंदवला.

ताईला सांगितलं. ती तशीच उठली आणि माझे डबे परत जागच्या जागी लावायला लागली.

९ नोव्हेंबर

साहेबांनी तोंड वाकडं केलं. "एकेचाळीसला कसं वजन होतं हो." केली पण सही.

१२ नोव्हेंबर

गेले दोघं आपल्या घरी. जाताना ताईनं मला इतकं घट्ट धरलं की चष्मा वाकला. साखर सापडली. घर खायला उठलंय.

१९ नोव्हेंबर

वाळू परत येतेय!! नवा फोटो, भरती वजा करून — चौदाचे अकरा! वादळानं उचललेली वाळू लाटा हळूहळू आणून टाकतायत. फोनवर अशी ओरडले की साहेब केबिनमधून बाहेर आले.

ताई म्हणाली, "तू काय सांगतेस, आम्हाला दिसतंय की! रोज पुढच्या दारात खुर्च्या टाकून बसतो."

मागून भावोजी — "मागच्या अंगणात मात्र पाय रुततो हं अजून!"

"पावसाचं पाणी आहे भावोजी, मुरेल." त्यांना कुरकुरीला काहीतरी लागतंच.

२२ नोव्हेंबर

भन्नाट सुचलं! ताईच्या भिंतीसाठी फोटो मोठा छापून, चौकटीत बसवून द्यायचा. आणि नुसता पट्टा नाही — अख्खं गाव! साठवणीतून मूळ फोटो काढायला सांगितलेत.

२३ नोव्हेंबर

तिन्ही तारखांचे अख्खे फोटो उघडले. गावामागच्या खाडीनं वळण बदललंय. आमच्या पट्ट्याच्या बाहेर, म्हणून कुणी पाहिलंच नाही. वादळाआधी खाडीचं पाणी ताईच्या मागच्या अंगणापासून नव्वद मीटर. सहा तारखेला तीस. एकोणीसला नऊ. भरती वजा करूनच लिहितेय.

फोन लावला. ताई खुशीत — "अगं, आत्ता पुढच्या दारातच बसलोय! काय सुंदर वाळू..."

म्हटलं, "ताई, ऊठ. मागचं दार उघड."